रिळातला जोड

पीटर फॉक हा न्यूयॉर्कच्या यहुदी घरातला मुलगा. तीन वर्षांचा असताना आजारपणात त्याचा एक डोळा काढावा लागला. काचेचा डोळा घेऊनच तो पुढे नट झाला आणि कोलंबो नावाचा पोलीस अधिकारी म्हणून जगभर ओळखला गेला. चुरगळलेला रेनकोट, तोंडात चिरूट, दारापर्यंत जाऊन परत वळायचे आणि "आणखी एकच गोष्ट विचारायची राहिली" म्हणायचे, ही त्याची सवय आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. खून कोणी केला हे प्रेक्षकाला पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच कळते. कोलंबोला ते कसे कळते, एवढेच पाहण्यासाठी आपण बसून राहतो.

या मालिकेचा 'डबल एक्स्पोजर' हा भाग १६ डिसेंबर १९७३ रोजी अमेरिकेत दाखवला गेला. त्यात रॉबर्ट कल्पने डॉ. केपेल नावाच्या माणसाचे काम केले आहे. लोकांनी काय विकत घ्यावे आणि का घ्यावे, याचा अभ्यास करून कंपन्यांना सल्ला देणे हा केपेलचा धंदा. त्याचे काळे धंदे उघडे करण्याची धमकी एक गिऱ्हाईक देते, म्हणून त्याला त्या गिऱ्हाइकाचा काटा काढायचा असतो. तो त्याला खारट कॅव्हियार भरपूर खाऊ घालतो, खोली गरम ठेवतो आणि मग एक प्रचारपट दाखवायला सुरुवात करतो. त्या रिळात त्याने मधूनमधून थंड पेयाच्या चित्राची एकेक चौकट कापून जोडलेली असते. एक चौकट पडद्यावर सेकंदाचा चोविसावा भाग राहते. आपण ती पाहिली हे डोळ्याला कळत नाही, पण घशाला तहान लागते. माणूस पाणी प्यायला बाहेर येतो आणि तिथेच त्याच्यावर गोळी झाडली जाते. पडद्यामागून केपेलचा आवाज मात्र चालूच असतो, कारण तो टेपरेकॉर्डरवरून येत असतो.

शेवटी कोलंबो त्याच हत्याराने त्याला पकडतो. केपेलच्या कचेरीत आपण झडती घेत आहोत अशी छायाचित्रे तो काढून घेतो आणि त्यांच्या चौकटी केपेल पाहत असलेल्या रिळात जोडून टाकतो. केपेल अस्वस्थ होतो, उठतो आणि पिस्तुलाचा लपवलेला भाग जागेवर आहे ना, हे पाहायला धावतो. कोलंबो तिथे उभाच असतो.

असली एक चौकट माणसाला खरोखर पाण्याकडे ओढते का? ती कल्पना आली जेम्स व्हिकरी नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्याकडून. १९५७ साली त्याने न्यू जर्सीतल्या एका सिनेमागृहाचा असा प्रयोग जाहीर केला. पुढे १९६२ साली त्याने स्वतःच कबूल केले की त्यात दम नव्हता. तेव्हा केपेलची युक्ती खोट्यावर उभी आहे. पण रीळ कापणे आणि जोडणे एवढे खरे आहे, आणि त्याच भागात एक लहानशी गोष्ट मला फार आवडते. रीळ संपत आले हे यंत्राजवळच्या माणसाला वेळेवर कळावे म्हणून तो रिळाच्या वेढ्यांत एक नाणे अडकवून ठेवतो. नाणे खाली पडले की दुसरे यंत्र चालू करायची वेळ झाली. कोलंबो हे ऐकून लहान मुलासारखा खूश होतो आणि तिथून त्याचा तपास पुढे सरकतो.

आता हा जोड हाताने कसा लावतात ते सांगतो, कारण नव्या पिढीने तो पाहिलेला नाही. ३५ मिलिमीटरच्या पट्टीत एका फुटात १६ चौकटी असतात. मिनिटाला ९० फूट पट्टी जाते, म्हणजे हजार फुटांचे रीळ साधारण अकरा मिनिटे चालते. तुटलेली दोन टोके कात्रीने सरळ कापायची. एका टोकाची अगदी बारीक कड पात्याने खरवडून वरचा चित्राचा थर काढून टाकायचा. उघड्या पडलेल्या जागी ब्रशने फिल्म सिमेंट लावायचे, दुसरे टोक त्यावर ठेवायचे, भोकावर भोक नीट बसवायचे आणि चिमटा दाबून धरायचा. सिमेंट हे नुसता डिंक नव्हे, ते पट्टीलाच थोडे विरघळवते आणि दोन्ही टोके एकजीव होतात. थर नीट खरवडला नाही तर जोड धरत नाही, जास्त खरवडला तर पट्टी फाटते. पुढे पारदर्शक चिकटपट्टी लावण्याचे यंत्र आले. फेलिनीचा संकलक लेओ कातोत्सो याचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. त्यात खरवडायला लागत नाही आणि जोड पुन्हा सोडवताही येतो.

आपल्याला हे ऐकून सोफेरची आठवण यावी. सेफेर तोराही अशीच गुंडाळी असते. कातड्याची पाने कोशेर जनावराच्या स्नायूच्या दोऱ्याने एकमेकांना शिवलेली असतात आणि चुकलेले अक्षर सोफेर पात्याने खरवडून काढतो. फरक इतकाच की सोफेरला जोड लपवायचा नसतो. शिवण उघड दिसते, आणि कोणते पान कोणत्या पानानंतर यावे हे त्याने ठरवायचे नसते.

सिनेमात ते कोणीतरी ठरवते. तुकडा कुठे होता आणि कुठे नेऊन जोडला हे त्या माणसाच्या हातात असते, आणि पाहणाऱ्याला ते कळत नाही. या लेखात मला त्याचाच माग काढायचा आहे, आधी मुंबई-नाशिककडे आणि मग मी सध्या राहतो त्या हॉलंडमध्ये.

आपल्याकडे हा धंदा सुरू झाला तो दादासाहेब फाळक्यांच्या दादरच्या घरात. १९१२ साली ते लंडनहून विल्यमसनचा कॅमेरा आणि पट्टीला भोके पाडायचे यंत्र घेऊन आले. कोरी पट्टी भोके न पाडलेली येई. रात्री अंधारात बसून तिला भोके पाडायचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. पट्टी धुणे आणि तुकडे जोडणे यांतही त्यांचा हात असे. घरात मुले, शिवाय कामावरच्या सगळ्या मंडळींचे जेवण. 'राजा हरिश्चंद्र'च्या जाहिरातीत त्यांचे नाव नव्हते, पण ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमात लोकांनी जी चार रिळे पाहिली ती त्यांच्या बोटांखालून गेलेली होती.

त्या चार रिळांचे पुढे काय झाले, हीच एक रहस्यकथा आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. पी. के. नायर तिथे आले आणि त्यांनी गावोगाव हिंडून जुनी रिळे गोळा केली. ते १९९१ साली निवृत्त झाले आणि २०१६ साली वारले. 'हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे हाती लागली. वर्षानुवर्षे आपण ती १९१३ सालची म्हणून पाहिली, टपाल तिकिटांच्या आणि शाळेच्या पुस्तकांच्या वातावरणात वाढलो. पण फाळक्यांनी १९१७ साली हाच विषय पुन्हा 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' म्हणून काढला होता, आणि उरलेली रिळे या दुसऱ्या चित्रपटाची आहेत असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. डब्यावरचे नाव एक आणि आतली पट्टी दुसरी. कोलंबो असता तर दारातून परत वळला असता. १९१९ सालचा 'कालिया मर्दन' तर तुकड्यातुकड्यांत मिळाला आणि नायरांना ते तुकडे क्रमाने लावावे लागले. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी त्यात बाळकृष्ण झाली आहे. आज ती नदीत उडी घेताना दिसते, कारण कोणीतरी बसून टोकाला टोक जुळवले.

आणि आपला योसेफ डेव्हिड? पेणकर आडनावावरून गाव कोणते ते सांगायला नको. पारशी रंगभूमीवर त्यांची नाटके चालत. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' त्यांच्याच नाटकावरून निघाला, पटकथाही त्यांचीच. अर्देशिर इराणींच्या इंपीरियल कंपनीने तो काढला आणि १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लावला. स्टुडिओजवळून आगगाड्या जात, म्हणून गाड्या थांबल्यावर मध्यरात्रीनंतर एक ते चारच्या दरम्यान चित्रण करावे लागे. टॅनार यंत्रात चित्र आणि आवाज एकाच पट्टीवर उमटत. यात जोडणाऱ्याची खरी पंचाईत होती. नट ओठ हलवतो ती चौकट आणि त्याच शब्दाचा आवाज पट्टीवर एका जागी नसतात, आवाज साधारण वीस चौकटी पुढे असतो. चित्र बघून कापले तर शब्द अर्धा तुटतो, शब्द सांभाळून कापले तर चित्रात उडी दिसते. गाणी असलेल्या बोलपटात हे काम ज्याने केले त्याचा हात फार चांगला असला पाहिजे.

हे आता तपासून पाहता येत नाही. 'आलम आरा'ची एकही पूर्ण प्रत उरलेली नाही, काही छायाचित्रे तेवढी आहेत. उरलेली काही रिळे त्यातल्या चांदीसाठी विकून टाकली, असे इराणींच्या मुलाकडून आपण ऐकल्याचे नायर सांगत. त्या काळी ही सर्रास चाल होती. पट्टीवरच्या थरात चांदी असते. तो थर धुऊन चांदी काढायची आणि उरलेले सेल्युलॉइड बांगड्या करणाऱ्यांना द्यायचे. शिवाय नायट्रेटची पट्टी भडकन पेट घेते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत अशी किती तरी जुनी रिळे जळून गेली. डेव्हिड चेऊलकर आपल्याला 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा म्हणून आज दिसतात, योसेफ डेव्हिडचे शब्द मात्र कोणाच्या तोंडून कसे ऐकू आले ते कोणालाच दिसणार नाही. ज्या तुकड्याची दोन्ही टोके गेली त्याला जोड कशाचा लावणार?

मी राहतो ते उइटहॉर्न हे आम्स्टेल नदीच्या काठचे गाव. शेजारच्या आम्स्टेलव्हेनमध्ये हिंदी आणि मराठी बोलणारी इतकी घरे झाली आहेत की दिवाळीत तिकडे जाऊन यावेसे वाटते. १९५० साली प्रवाशांसाठी बंद पडलेल्या रेल्वेच्या जुन्या वाटेवरून जुलै २०२४ पासून आमच्याकडे २५ नंबरची ट्राम येऊ लागली. ती आम्स्टरडॅम झुइडला नेते, तिथून भुयारी गाडीने सेंट्रल स्टेशन, मागच्या दाराने बाहेर पडून फुकटची बोट, आणि समोर पांढरी इमारत म्हणजे आय फिल्म म्युझियम. येथील लोक परदेशी मालिका डब करीत नाहीत, खाली डच अक्षरे देतात. कोलंबो इथे त्याच्याच घोगऱ्या आवाजात बोलतो.

या संग्रहालयात याँ डेस्मेट नावाच्या जुन्या वितरकाची नऊशेहून अधिक रिळे आहेत, पहिल्या महायुद्धाच्या आगेमागची. १९५६ साली तो वारला तोवर त्याने ती टाकून दिली नव्हती, हेच मोठे. २०११ साली युनेस्कोने हा संग्रह जागतिक स्मृतीच्या यादीत घेतला. पण मला त्याहून वेगळ्या एका गोष्टीचे कौतुक वाटते. ज्या तुकड्यांना नाव नाही, कोणत्या चित्रपटाचे, कोणी काढलेले, कोणत्या साली, काहीच माहीत नाही, असे शेकडो तुकडे इथल्या मंडळींनी फेकून न देता क्रमांक घालून एकामागून एक जोडून ठेवले आहेत. 'बिट्स अँड पीसेस' असे त्याचे नाव. बाई जिना उतरते, मध्येच संपते, मग घोडा. याची गोष्ट जुळवायचा आव त्यांनी आणला नाही, जे माहीत नाही ते तसेच ठेवले.

हॉलंडचे सर्वांत जड रीळ मात्र १९४४ सालच्या वेस्टरबोर्कच्या छावणीतले आहे. ही छावणी द्रेन्थ प्रांतात १९३९ साली जर्मनीतून पळून आलेल्या ज्यूंसाठी बांधली होती. जुलै १९४२ पासून नाझींनी तिचा उपयोग पूर्वेकडे गाड्या रवाना करण्यासाठी केला. हॉलंडमधून सुमारे १,०७,००० ज्यूंना पाठवण्यात आले, बहुतेकांना याच मार्गाने. परत आले सुमारे ५,०००.

१९४४ च्या वसंतात छावणीचा प्रमुख गेमेकर याने एक चित्रपट काढायचे ठरवले. छावणी किती कामाची आहे हे वरच्यांना दाखवायचे होते. कॅमेरा दिला रुडॉल्फ ब्रेस्लाउअर या कैद्याच्या हाती. तो जर्मनीतून आलेला यहुदी छायाचित्रकार होता. त्याने कारखाने टिपले, शेत टिपले, इस्पितळ, फुटबॉल, करमणुकीचा कार्यक्रम टिपला, आणि फलाटावरून निघणारी गाडीही टिपली. गाड्या निघत होत्या तेव्हा त्यांचे असे चित्रण जवळजवळ कुठेच झाले नाही. चित्रपट पुरा झाला नाही, तुकडे तसेच राहिले. त्याच वर्षी शरद ऋतूत ब्रेस्लाउअरला बायकामुलांसह पुढे पाठवले. बायको आणि दोन मुलगे आऊश्वित्झमध्ये मारले गेले, तो स्वतःही वाचला नाही. मुलगी उर्सुला तेवढी वाचली. गेमेकरला युद्धानंतर दहा वर्षांची शिक्षा झाली. यावर मी काही लिहीत नाही.

त्या चित्रणात सात सेकंदांचा एक तुकडा आहे. मालगाडीच्या डब्याच्या दारात, डोक्याला पांढरे फडके बांधलेली एक मुलगी बाहेर पाहते. सात सेकंद म्हणजे शंभरावर चौकटी. युद्धानंतर हा तुकडा कुठे कुठे जोडला गेला त्याला गणती नाही. फ्रान्सचा अलाँ रेने स्वतः उत्तम संकलक होता. त्याने १९५६ साली पुढे आलेल्या 'रात्र आणि धुके' या बत्तीस मिनिटांच्या चित्रपटात वेस्टरबोर्कच्या फलाटाची दृश्ये इतर ठिकाणच्या दृश्यांना जोडली, आणि ही मुलगीही त्यात आहे. जोड इतके सफाईदार की पाहणाऱ्याला सगळी एकच गाडी, एकच प्रवास वाटतो. पुस्तकांत, भिंतीवरच्या चित्रांत ती शोआची खूण झाली. सारे जग तिला ज्यू मुलगी समजत होते आणि तिचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते.

मग काही माणसे या तुकड्यांमागे खरोखर कोलंबोसारखी लागली. चित्रणात एका आजारी बाईला ढकलगाडीवरून नेताना तिच्या सामानावर नाव आणि जन्मतारीख दिसते. संशोधकांनी ती अक्षरे मोठी करून वाचली आणि छावणीच्या याद्यांशी ताडून पाहिली. त्यावरून कळले की ही गाडी १९ मे १९४४ ची. तिचे काही डबे बेर्गेन-बेल्सेनला गेले, काही आऊश्वित्झला, आणि त्याच गाडीत २४५ सिंती आणि रोमा लोक होते, ज्यांना लोक जिप्सी म्हणतात. आद वाखेनार नावाच्या डच पत्रकाराने डब्यावरचे आकडे धरून माग काढला आणि त्या डब्यातून जाऊन वाचलेली क्रासा वागनर ही बाई त्याला सापडली. तिने सांगितले, दाराशी उभ्या असलेल्या त्या मुलीला तिची आई आत बोलावत होती, नाव घेऊन: सेट्टेला.

१९९४ साली हे प्रसिद्ध झाले. सेट्टेला स्टाइनबाख, जन्म २३ डिसेंबर १९३४, लिंबुर्ख प्रांतातली सिंती मुलगी. १६ मे रोजी धरपकडीत सापडली, छावणीत डोके भादरले, म्हणून ते फडके. त्या उन्हाळ्यात आई आणि भावंडांसह आऊश्वित्झमध्ये मारली गेली. पन्नास वर्षे ती आपली म्हणून आपण रडलो. ती आपली नव्हती हे कळल्यावर काही ज्यूंना आपल्याकडून काही काढून घेतल्यासारखे वाटले असेल, आणि ते समजण्यासारखे आहे. पण मला विचाराल तर त्या मुलीला तिचे नाव आणि तिचे लोक परत मिळाले हे चांगले झाले. तिच्या जागी उभ्या राहिलेल्या आपल्या मुलांची नावे याद्यांत आहेतच, ती वाचण्यासाठी दुसऱ्याच्या मुलीची गरज नाही.

जर्मन दिग्दर्शक हारून फारोकी याने २००७ साली हेच चित्रण घेऊन एक चित्रपट केला. संगीत नाही, निवेदकाचा आवाज नाही, फक्त मधून पाट्या. काय दिसते आणि काय माहीत आहे एवढेच त्यावर लिहिलेले. रेनेच्या चित्रपटापुढे तो कोरडा वाटतो, आणि मला तोच जास्त पटतो. २०१७ साली मूळ चित्रण युनेस्कोच्या यादीत गेले. २०२१ साली हिल्व्हर्सुमच्या ध्वनिचित्र संस्थेने ते पुन्हा स्वच्छ करून संगणकावर उतरवले.

याद्या, सामानावरची अक्षरे, डब्याचे आकडे, या सगळ्याने गाडीची तारीख मिळाली. नाव मात्र मिळाले ते एका म्हाताऱ्या बाईच्या कानाने ऐकले होते म्हणून.

आपल्या समाजात मुंबईहून लोदला, अश्दोदला, दिमोनाला येताना पुष्कळांनी पेट्यांतून ८ मिलिमीटरची लहान रिळे आणली. लग्ने, मलिद्याचे ताट, अलिबागकडचे घर, बंदरावरचा निरोप. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर पट्टी खराब होऊ लागली आहे. ती इतरांपासून वेगळी, थंड आणि कोरड्या जागी ठेवावी आणि लवकर उतरवून घ्यावी. घरच्या जुन्या प्रोजेक्टरवर चढवू नये, सुकलेले जोड पहिल्या फेरीतच सुटतात. तुटलेले तुकडे आपल्या अंदाजाने जोडू नयेत, ज्या डब्यात निघाले त्यातच राहू द्यावेत. आणि उतरवून झाल्यावर नातवंडांना जवळ बसवून, चित्र थांबवत थांबवत, कोण कोण आहे ते सांगावे: डावीकडची निळ्या साडीतली कोण, तिचे माहेरचे आडनाव काय, ती कोणत्या गावची. ओळखू येत नसेल त्या चेहऱ्यापुढे जागा कोरी सोडावी.